मण्यारीचा दंश आणि ओळख पटविणारे प्रतिपिंड

मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते, रात्रभर भुरभुर पाऊस चालला होता. आमच्या एका स्नेह्यांच्या सालगड्याचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कोपीत भुईवर घोंगडी अंथरून निजला होता. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या पोटात कळ आली. आईने ओवा चावायला दिला. उजाडता उजाडता तो म्हणू लागला, ‘आये, झापड येतीय, डोळं उघडत न्हाईत.’ अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. जवळच्या गावी एका दवाखान्यात पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्यांना परत पाठविले. मग कोणी म्हणाले, हे बाहेरचे आहे. म्हणून देवऋष्याकडे आणखी अर्धा-पाऊण तास गेला. सोलापूरच्या इस्पितळात पोचेपर्यंत नऊ वाजले. तोवर पोराला थुंकी गिळता येत नव्हती आणि मान धरत नव्हती. दुपारी वस्तीवर घोंगडी झटकली तेव्हा तिच्या घडीतून साप निघाला. मण्यार.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकविण्यात माझी वर्षे गेली. पण त्या मुलाच्या खाटेशेजारी बसलो असताना त्याचा बाप मला सारखा एकच प्रश्न विचारी: ‘सर, सापाची लस तर दिली, मग पोरगं उठत का नाही?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी त्या वेळी नीट देऊ शकलो नाही, आज देतो. ते उत्तर सापडायला एका अगदी वेगळ्या वस्तूची मदत झाली आहे. ती इस्पितळात नसते, प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात इवल्याशा कुपीत असते आणि तिने कोणी रोगी बरा होत नाही. तेव्हा थोडे दमाने घ्या.

आधी सापाकडे पाहू. आपल्या जिल्ह्यात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. पहिले तिघे निदान बोलून चालून दंश करतात म्हणा ना! नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसे अंगावरचे खवले घासून खरखर करते. मण्यार यातले काही करीत नाही. निळसर काळे, तुकतुकीत अंग आणि त्यावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. बिनविषारी कवड्या सापाशी तिची गल्लत होते. ध्यानात ठेवायचे ते इतकेच, की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि मण्यारीचे शेपटीकडे. अर्थात अंधारात पट्टे मोजत बसू नये. शास्त्रात हिच्या कुळाला बुंगारस म्हणतात. हा लॅटिनचा अवतार धारण केलेला शब्द मुळात तेलुगू आहे. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली मंडळींना त्यात ‘बंगारम’, म्हणजे सोने, ऐकू येईल. सोन्यासारखे तिच्यात काय आहे, ते नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक!

मण्यार रात्री हिंडते. उंदीर, पाली, दुसरे लहान साप शोधत घरात शिरते आणि भुईवर निजलेल्या माणसाच्या उबेला अंथरुणात येते. तिचे दात बारीक असतात. दंश पुष्कळदा मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही, खूण उठत नाही. मग काही तासांनी पोट दुखते, घसा दुखतो, पापण्या मिटू लागतात. महाडला आयुष्यभर विंचू आणि साप यांच्या रुग्णांवर उपचार केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी मण्यारीच्या दंशावर लिहून ठेवले आहे. पावसाळ्यात भुईवर निजलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर खूण असो वा नसो, आधी मण्यारीचा संशय घ्यावा.

आता हे विष करते काय? त्यासाठी मज्जातंतूच्या टोकापर्यंत जावे लागेल.

तुम्ही हात उचलता तेव्हा मेंदूतून निघालेली आज्ञा मज्जातंतूवरून स्नायूपर्यंत येते. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. मज्जातंतूंच्या अशा सांध्याला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ‘सायनॅप्स’ हे नाव दिले. मराठीत आपण चेतासंधी म्हणू. आज्ञा ही फट विजेसारखी उडी मारून ओलांडीत नाही. तंतूच्या टोकात रसायनाने भरलेल्या पुटिका, म्हणजे चिमुकल्या पिशव्या, रचून ठेवलेल्या असतात. आज्ञा आली की काही पिशव्या टोकाच्या पडद्याला भिडतात, फुटतात आणि आतले ॲसिटिलकोलीन फटीत सांडतात. ते पलीकडच्या स्नायूला पोचते आणि स्नायू आकसतो. १९५४-५५ च्या सुमारास विद्युत सूक्ष्मदर्शकातून या पिशव्या पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसल्या. एकीची जाडी सुमारे चाळीस नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेघेवर पंचवीस हजार पिशव्या ओळीने बसतील!

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला मला माग पुरतो. धोट्यात कांडी असते, कांडीवर बाण्याचे सूत. माग कितीही चांगला असो, वीज अखंड असो, कांड्या भरून आल्या नाहीत तर कापड निघणार नाही. कांड्या भरणाऱ्या बायांचे काम कोणी पाहात नाही, पण त्या एक दिवस आल्या नाहीत की मालकाला त्यांची किंमत कळते. मज्जातंतूच्या टोकातल्या पुटिका म्हणजे या भरलेल्या कांड्या समजा.

नागाचे विष आणि मण्यारीचे विष, दोन्ही माणसाला लुळा करतात. परंतु दोघांची तऱ्हा निराळी. नागाच्या विषातले मज्जाघातक द्रव्य फटीच्या पलीकडे, स्नायूच्या बाजूला, जिथे ॲसिटिलकोलीन यायचे त्या जागा अडवून बसते. कांड्या भरलेल्या आहेत, सूत येते आहे, पण पलीकडे ते घेणारा हात बांधलेला. म्हणून तिथे निओस्टिग्मीन नावाचे औषध पुष्कळदा उपयोगी पडते. ते ॲसिटिलकोलीन लवकर नष्ट होऊ देत नाही, फटीत त्याची गर्दी वाढते आणि अडवलेल्या जागा पुन्हा मिळतात. मण्यारीच्या विषात मात्र दुसरेच एक हत्यार आहे. १९६३ मध्ये तैवानात चँग आणि ली या संशोधकांनी तिथल्या मण्यारीच्या विषातले घटक वेगळे केले आणि त्यांतल्या एकाला बीटा बुंगारोटॉक्सिन हे नाव मिळाले. हे द्रव्य फटीच्या अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावर, घाला घालते. पुटिकांचा साठाच नाहीसा होतो. कांडीच नाही तर पलीकडचा हात मोकळा असून काय उपयोग? आमच्या मुलाला निओस्टिग्मीन देऊन पाहिले होते. पापणी हलली नाही.

‘पण मग लस?’ बापाचा प्रश्न तोच होता.

आपण जिला सापाची लस म्हणतो ती खरी लस नव्हे. लस आधी टोचायची असते. हे प्रतिविष आहे, घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे. २०२० च्या कोरोनाच्या साथीत ‘अँटीबॉडी’ हा शब्द घरोघरी पोचला. प्रतिपिंड म्हणजे तीच. अंगात परके प्रथिन शिरले की रक्तातल्या काही पेशी त्याच्या आकाराला नेमके बसेल असे दुसरे प्रथिन घडवितात. जुना विणकर डोळे मिटून काठावर बोट फिरवितो आणि सांगतो, हे लुगडे अमक्याच्या मागावरचे. प्रतिपिंडाचे ओळखणे तसेच आहे. फरक इतकाच, की ते ओळखून सोडीत नाही, धरून ठेवते. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वाताच्या विषावर हे दाखविले आणि काही वर्षांतच कालमेत या फ्रेंच डॉक्टरने तेच तत्त्व सर्पविषाला लावले. मुंबईला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून जी प्लेगची प्रयोगशाळा होती, तिला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. पुढे या हाफकिनचे प्रतिविष महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचले. घोड्याला चारही सापांचे विष अगदी अल्प प्रमाणात, हळूहळू वाढवीत टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की थोडे रक्त काढून त्यातली प्रतिपिंडे शुद्ध करतात. घोडा मरत नाही बरे का! तो पुन्हा चरायला मोकळा.

घोड्याची ही प्रतिपिंडे रक्तात मोकळे फिरणारे विष गाठून निकामी करतात. जे विष मज्जातंतूच्या टोकाशी पोचून आपले काम करून बसले, त्याचे काय? तिथे नेमके काय मोडलेले असते? डॉक्टरांना अनुभवाने दिसत होते, की मण्यारीचा रोगी प्रतिविष भरपूर देऊनही कित्येक दिवस लुळा पडतो. कोणी म्हणे प्रतिविष कमी पडले, कोणी म्हणे ते निकृष्ट होते. मग पुन्हा कुप्या, पुन्हा खर्च. गरिबाच्या घरची म्हैस विकली जाई आणि पापणी काही उघडत नसे.

आता त्या शीतकपाटातल्या कुपीकडे येतो.

१९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एक युक्ती शोधली. प्रतिपिंड बनविणारी उंदराची एक पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडायची. मग ती न थकता वाढते आणि एकाच छापाचे प्रतिपिंड देत राहते. घोड्याच्या रक्तात नाना तऱ्हेच्या प्रतिपिंडांची मिसळ असते. इथे सारी एका साच्यातली. दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या युक्तीने वीडेनमान आणि फ्रांके या जर्मनीतल्या संशोधकांनी गाईगुरांच्या मेंदूतल्या पुटिकांवर उंदरात प्रतिपिंड तयार केले. त्याचे नाव एस-वाय ३८. त्याने पुटिकेच्या पापुद्र्यातले एक प्रथिन नेमके पकडले. सुमारे ३८ हजार रेणुभाराचे हे प्रथिन म्हणजे सिनॅप्टोफायसिन. हे १९८५ साली. त्याच वर्षी यान आणि ग्रीनगार्ड यांच्या गटानेही हेच प्रथिन स्वतंत्रपणे वर्णिले. एका पुटिकेवर सिनॅप्टोफायसिनचे तिसेक रेणू असतात, असे पुढे २००६ मध्ये उंदराच्या मेंदूवरून मोजले गेले. जिथे पुटिका तिथे सिनॅप्टोफायसिन. म्हणजे जणू प्रत्येक कांडीवर मारलेला गिरणीचा शिक्का.

प्रयोगशाळेत हे प्रतिपिंड वापरतात कसे? स्नायूचा किंवा मेंदूचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घेतात. त्यावर प्रतिपिंडाचा थेंब टाकतात. ते सिनॅप्टोफायसिन शोधून चिकटते. मग काप धुतात. चिकटले नाही ते वाहून जाते. पण चिकटलेले प्रतिपिंड डोळ्यांना कसे दिसावे? म्हणून त्यावर दुसरे प्रतिपिंड सोडतात; ते पहिल्याला धरते आणि त्याच्या पाठीवर चमकणारा रंग असतो. सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात हिरवे किंवा लाल ठिपके उजळतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पुटिकांनी भरलेले मज्जातंतूचे एक टोक. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा अक्कलकोट रस्त्यावरून रात्री दिसणारे शहर आठवले.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे, कारण आमच्या विद्यार्थ्यांना रंग दिसला की हर्ष होतो. प्रतिपिंड चुकतेही. कुपीवर एक नाव असते आणि चिकटते भलत्यालाच, असे पुष्कळदा घडले आहे. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर तक्रार केली, की बाजारातल्या प्रतिपिंडांची नीट परीक्षा होत नाही आणि त्यावर उभे केलेले संशोधन ढासळते. म्हणून शहाणा संशोधक आधी पारख करतो. पहिले प्रतिपिंड न घालता नुसते दुसरे घालून पाहायचे. तरी रंग आला तर तो खोटा. ज्या उंदरांत सिनॅप्टोफायसिनचे जनुकच काढून टाकले आहे त्यांच्या मेंदूवर पाहायचे. तिथेही रंग आला तर कुपी फेकून द्यायची. प्रथिने भारानुसार वेगळी करून पाहायची. पट्टी ३८ हजारांच्या आसपास उमटली पाहिजे. रंगाच्या कारखान्यात काम केलेल्या सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही. नमुना धुवून, घासून, उन्हात टाकून पाहिल्यावाचून तो रंगाची हमी देत नाही.

अशा पारखलेल्या प्रतिपिंडांनी मण्यारीचा प्रश्न तपासला गेला. इंग्लंडातल्या न्यूकॅसल येथे हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये जे प्रसिद्ध केले ते असे. उंदरांच्या एका मागच्या पायात बीटा बुंगारोटॉक्सिन टोचले. तीन तासांच्या आत पाय लुळा पडला. स्नायू काढून पाहिले तर मज्जातंतूच्या टोकांतल्या पुटिका नाहीशा झालेल्या, आणि सिनॅप्टोफायसिनचा रंग मंदावलेला. पुटिका फोडण्याच्या यंत्रणेतली आणखी दोन प्रथिने, स्नॅप-२५ आणि सिंटॅक्सिन, यांचेही तेच. तीन ते सहा तासांत काही टोके नासू लागली. बारा तासांनी एकाही स्नायूतंतूला मज्जातंतूचे टोक उरले नव्हते. म्हणजे नुसत्या कांड्या संपल्या नव्हत्या. कांड्यांची खोलीच पडली होती! मग तिसऱ्या दिवशी नवी टोके फुटू लागली. रंग परत येऊ लागला. सातव्या दिवशी उंदीर पूर्ववत चालू लागले.

वाचकहो, त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. प्रतिविष खोटे नव्हते, कमी नव्हते. ते उशिरा पोचले होते. गेलेली टोके कोणतेही प्रतिपिंड परत आणू शकत नाही. ती शरीरालाच पुन्हा वाढवावी लागतात. माणूस उंदराहून मोठा, त्याला काही दिवस अधिक लागतात, पण टोके वाढतात. तेवढे दिवस छातीचे स्नायू काम करीत नाहीत आणि श्वास बाहेरून चालू ठेवावा लागतो. कृत्रिम श्वासाचे यंत्र असेल तर उत्तमच. नसेल तिथे नळी घालून रबरी फुगा हाताने दाबीत रोग्याला मोठ्या इस्पितळापर्यंत आणले गेले आहे. नातेवाइकांनी पाळीपाळीने फुगा दाबला आणि माणूस वाचला, अशी उदाहरणे आपल्याकडे आहेत.

यातला सर्वांत भयंकर भाग पुढेच आहे. मण्यारीने पूर्ण लुळा केलेला रोगी मेल्यासारखा दिसतो. डोळे मिटलेले, बाहुल्या विस्फारलेल्या आणि उजेडाला न हलणाऱ्या, चिमटा काढला तरी प्रतिसाद नाही. अननुभवी माणूस म्हणेल, मेंदू गेला, आता कशाला यंत्र? पण विषाचा घाव स्नायूंना आज्ञा देणाऱ्या टोकांवर आहे; मेंदू पुष्कळदा शाबूत असतो. श्वास वेळेवर हाती घेतला असेल तर आतला माणूस जागा असतो, तो ऐकतो.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. पण आराखडा वस्तीवरच्या कोपीत पोचेपर्यंत खाट पोचली तरी पुष्कळ काम होईल. बाजेवर निजावे, मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. दंशाचा संशय आला तर कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. प्रतिविषाची काहींना उलटी प्रतिक्रिया येते, म्हणून ते इस्पितळातच घ्यायचे. आणि लेकराला डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, हे ऐकून घाबरू नये. साप लहान मूल पाहून विष कमी सोडीत नाही.

आमच्या त्या मुलाचे काय झाले? पाच दिवस यंत्र चालले. सहाव्या दिवशी सकाळी त्याच्या उजव्या हाताचे बोट हलल्याचे परिचारिकेने पाहिले. मग पापण्या, मग मान. नवव्या दिवशी नळी काढली. घसा सोललेला असल्यामुळे त्याला दोन दिवस बोलता येत नव्हते. बोलता आले तेव्हा त्याने बापाला विचारले, ‘म्हस इकायचं चाललं व्हतं, इकली का?’ तिसऱ्या दिवशी, तो प्रेतासारखा पडला असताना, त्याच्या उशाशी बसून बापाने माझ्यापाशी म्हैस विकण्याची गोष्ट काढली होती. पोराने ती सगळी ऐकली होती, भाव धरून.

म्हैस विकली नव्हती.